हळदीच्या पेवातला प्रोजेक्ट

आमचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखाली पुरलेला होता असं मी सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं की मी काहीतरी लाक्षणिक बोलतोय. लाक्षणिक बोलणं मला जमत असतं तर मी इंजिनियरिंगला गेलोच नसतो. प्रोजेक्ट पत्र्याच्या डब्यात होता, डबा हळदीच्या पेवात होता, आणि पेवाच्या तोंडावर माती घालून ती चोपून चोपून घट्ट बसवलेली होती. त्या मातीवर उभं राहून माझी तोंडी परीक्षा झाली.

सत्तरीच्या दशकातली ही गोष्ट. सांगलीला मी शेवटच्या वर्षाला होतो. कॉलेजात कंप्यूटर नव्हता, पण कंप्यूटरचा प्रोजेक्ट होता. आमच्या सरांनी मुंबईत कधीतरी काचेपलीकडून एक कंप्यूटर पाहिला होता, आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही गोड लागत नव्हतं. साताऱ्याकडच्या डोंगरात किती पाऊस पडला म्हणजे सांगलीच्या घाटाला कृष्णेचं पाणी कधी आणि किती चढेल, हे आधीच सांगणारा प्रोग्राम लिहायचा असं त्यांनी ठरवलं. विद्यार्थी दोन. एक मी आणि दुसरा तासगावचा एक शांत मुलगा. त्याच्या घरी द्राक्षाची बाग होती आणि खिशात बारा महिने बेदाणा असे. काहीही झालं तरी तो आधी एक बेदाणा तोंडात टाकायचा आणि मग विचार करायचा. माझं उलट होतं. मी आधी बोलायचो. पहिल्याच वर्षी खाणावळीच्या मालकाला, तुमच्या आमटीत डाळ आहे हे सिद्ध करून दाखवा, असं भर पंगतीत म्हटल्यामुळे मला दुसरी खाणावळ शोधावी लागली होती. दुसऱ्या खाणावळीतही मी फार काळ टिकलो नाही.

तेव्हा कंप्यूटरला काही सांगायचं तर जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून सांगावं लागे. प्रोग्रामच्या एका ओळीला एक कार्ड. त्या कार्डांची चळत म्हणजेच प्रोग्राम. जवळचा कंप्यूटर पुण्याला एका संस्थेत होता. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं पुण्याला गेलो, भोकं पाडणाऱ्या यंत्रावर बसून कार्डं तयार केली आणि एस.टी.नं ती मांडीवर घेऊन परत आलो. प्रत्यक्ष कंप्यूटरवर ती चालवून बघायची वेळ आम्हाला फेब्रुवारीतली मिळाली. तोवर कार्डं सांभाळायची होती.

माझ्या दृष्टीनं मामला सरळ होता. मुंबईच्या एका कंपनीनं मला मुलाखतीत पसंत केलं होतं आणि त्यांची अट एकच होती, पहिला वर्ग. माझे लेखी पेपर नेहमी काठावरचे. वरचे मार्क मिळायचे ते प्रोजेक्टचेच. म्हणजे कार्डं चालली तर मुंबई आणि नाही चालली तर रहिमतपुराजवळचं आमचं गाव आणि ऊस. माझे वडील लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी गावात आधीच सांगून टाकलं होतं की पोरगा मुंबईला कंप्यूटर चालवायला जाणार. गावात काहींना ते वाहन वाटत होतं, आणि वडिलांनी ती समजूत मोडली नव्हती.

कार्डांचे शत्रू दोन, एक ओल आणि दुसरी वाळवी. कार्ड ओलीनं फुगलं की यंत्रात अडकतं, असं सरांनी वाचलं होतं. वाळवीबद्दल वाचायची गरज नव्हती. आदल्या वर्षीचे सगळे प्रोजेक्ट आमच्या विभागाच्या कपाटात होते आणि वाळवीनं आतला मजकूर नीट संपवून फक्त पुठ्ठे शिल्लक ठेवले होते. पुठ्ठ्यांवर सोनेरी अक्षरात विद्यार्थ्यांची नावं तेवढी दिसत होती. ते पाहून सरांची झोप उडाली.

सरांचे सासरे हरिपूरचे हळदीचे व्यापारी. सर त्यांच्याच घराच्या माडीवर राहत. घरजावई हा शब्द सरांसमोर कुणी काढत नसे. सासऱ्यांच्या मते जावई हुशार होता पण व्यवहारात शून्य, आणि हे मत ते चारचौघांत मोकळेपणी मांडत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी फुगलेलं हळद साठवायचं कोठार. आत उसाचा पाला लावायचा, हळद भरायची आणि तोंड मातीनं बुजवून टाकायचं. आत वारा नाही, ओल नाही, किडा जगत नाही. हळद वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहते. दिवाळीनंतर सासऱ्यांचं एक पेव भरणं चाललं होतं आणि सर माडीवरून ते बघत होते. बघता बघता त्यांना जे सुचलं ते सुचायला माणूस सांगलीचाच असावा लागतो.

कार्डं एका डब्यात घातली. यंत्रानं छापून दिलेली प्रोग्रामची प्रत होती, तीही सरांनी सुरक्षित राहावी म्हणून त्याच डब्यात घातली. झाकणाला लाख लावली. हळदीच्या अगदी वरच्या थरावर डबा ठेवला आणि आमच्यादेखत पेव बुजवलं. सासरे कमरेवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, “जावईबापू, पयल्यांदाच डोक्याचं काम केलंसा.” सरांचा चेहरा असा फुलला की मला, तापट माणसालासुद्धा, बरं वाटलं. जोडीदारानं आम्हा सगळ्यांना बेदाणे वाटले.

फेब्रुवारी आला. सर सासऱ्यांना म्हणाले, मामा, तेवढा डबा काढून द्या. सासऱ्यांनी आधी भाव विचारला. सरांना वाटलं डब्याचा. ते विचारत होते हळदीचा.

मग उलगडा झाला. पेव म्हणजे कपाट नव्हे. एकदा तोंड उघडलं की आत वारा शिरतो आणि मग सगळी हळद बाहेर काढून विकावीच लागते. वाण्याच्या दुकानातल्या डब्यासारखं पाहिजे तेव्हा उघडून चिमूटभर घेता येत नाही. म्हणून पेव उघडायचं ते भाव आला की. शिवाय एखाद्या मोठ्या व्यापाऱ्यानं पेव उघडलं ही बातमी घटकेत बाजारात पोचते. लोक समजतात हा माल काढतोय, आणि भाव बसतो. तात्पर्य, आमच्या प्रोग्रामवर सांगलीच्या हळदीचा बाजार बसला होता. “भाव येऊ द्या, मग काढू,” सासरे म्हणाले. त्यांना त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं. प्रोग्रामचा उपयोग काय हेही त्यांनी एकदा विचारलं. पूर येणार हे आधी कळेल, असं सर म्हणाले. पाणी आलं की कळतंच की, असं उत्तर मिळालं.

मी त्याच दिवशी सरांना म्हटलं की कार्डं पुन्हा करू. प्रोग्राम मला तोंडपाठ होता. पुण्याला एक चक्कर, दोन दिवसांचं काम. सर म्हणाले, मूळ कार्डं ती मूळ कार्डं. मी म्हटलं, कार्डांत मूळ आणि नक्कल असं काही नसतं, भोकं सारखी असली की झालं. सर म्हणाले, तुला अजून शिस्त नाही. मी आवाज चढवला. मग ते खिडकीकडे बघत हळूच म्हणाले, “मामांना काय सांगू?”

जन्मात एकदा सासऱ्यांनी त्यांना शाबासकी दिली होती आणि ती त्या पेवात होती. कार्डं पुन्हा केली तर डबा आत ठेवणं हाच मूर्खपणा होता असं कबूल केल्यासारखं झालं असतं. मला राग आला, अगदी संताप आला, पण वाद घालायला त्यात मुद्दा सापडेना.

पुण्याची वेळ टळली. सरांनी ट्रंक कॉल करून पुढची मागितली, ती परीक्षेनंतरची मिळाली. आता एकच मार्ग उरला, हळदीचा भाव वाढणं. आम्ही रोज सकाळी मार्केट यार्डात जाऊ लागलो. हळदीचे ढीग, धूळ, आणि ढिगांच्या मधे उभे राहून गुपचूप सौदे करणारे व्यापारी. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. वरून बघणाऱ्याला दोन मित्र हातात हात घालून हवापाण्याचं बोलतायत असं वाटतं. भाव कळेना म्हणून आम्ही प्रत्येकाला विचारत सुटलो. आज काय निघाला? वाढला का? उद्या वाढेल का? सर तर वही घेऊन गेल्या काही महिन्यांच्या भावांवरून पुढचा भाव काढायच्या मागे लागले. कृष्णेच्या पुराचं समीकरण त्यांनी हळदीला लावलं. त्यांच्या हिशेबानं हळद श्रावणात घाटाच्या पायऱ्या चढणार होती.

आणि भाव उतरू लागला. आम्हाला कारण कळेना. शेवटी जोडीदारानं एका अडत्याला बेदाणे देऊन बोलतं केलं. अमक्याचा जावई आणि त्याची दोन पोरं रोज येऊन भावाची चौकशी करतात, म्हणजे सासरा माल काढायच्या घाईत आहे, असा यार्डाचा समज झाला होता. आम्ही जितकं विचारत होतो तितका भाव पडत होता, आणि भाव पडत होता तितकं पेव घट्ट होत होतं. त्या दिवशी आम्ही यार्डात जाणं बंद केलं.

परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक मुंबईचे होते. सुटाबुटातले, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात चामड्याची बॅग. आमचा अहवाल त्यांनी चाळला. आराखडा होता, समीकरणं होती, पावसाचे आकडे होते. उत्तर कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, प्रोग्राम अजून चालवायचा आहे. मग प्रोग्राम दाखवा. सर म्हणाले, पेवात आहे. परीक्षकांना वाटलं हे एखाद्या नव्या यंत्राचं नाव असावं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि मला ते बघायला आवडेल असं म्हणाले. झालं. विभागप्रमुखांची जीप काढली आणि आम्ही हरिपूरला निघालो.

तिथं बघायला काही नव्हतं. पेव वरून दिसतच नाही. नुसती उघडी जमीन, थोडे उंचवटे, दोन शेळ्या. परीक्षक बराच वेळ इकडेतिकडे बघून म्हणाले, कुठे आहे? मी म्हटलं, आपण त्यावरच उभे आहात. ते एकदम बाजूला झाले.

तेवढ्यात सासरे आले, आणि त्यांच्यामागे चार-पाच व्यापारी. मुंबईचा साहेब, जीपमधून, काळा चष्मा घालून पेवं बघायला आलाय, ही बातमी आमच्याआधी पोचली असावी. कुणीतरी खुर्ची आणली. कुणीतरी उसाचा रस आणला. परीक्षकांनी वाकून माती चिमटीत घेतली आणि वास घेतला. सगळे व्यापारी एकमेकांकडे बघू लागले. मग त्यातला एक पुढे झाला, खांद्यावरचा रुमाल काढला आणि मोठ्या अदबीनं परीक्षकांच्या हातावर टाकून खालून त्यांचा हात धरला. परीक्षकांना वाटलं, ही इकडची स्वागताची पद्धत असेल. सभ्य माणूस, त्यांनीही हसून त्याची बोटं दाबली. बहुधा जरा जोरातच आणि बरीच दाबली. तो व्यापारी पांढराफटक पडला. मग दुसऱ्यानं रुमाल पुढे केला. परीक्षकांनी त्याचीही बोटं तितक्याच प्रेमानं दाबली. मी अडवायला पुढे झालो तर जोडीदारानं माझा सदरा मागून ओढला. दोन माणसं सायकली घेऊन मार्केटच्या दिशेनं निघूनही गेली होती.

बघता बघता भाव चढला. ते आम्हाला सासऱ्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. सरांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. ते म्हणाले, “मामा, आला भाव. आता उघडू या?”

सासऱ्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं की जणू त्यांनी जमिनीचा सात-बारा मागितला. “भाव चढतुया जावईबापू. चढता भाव सोडून पेव कोन उघडंल?”

म्हणजे उतरता असला तरी उघडायचं नाही आणि चढता असला तरी उघडायचं नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की ह्या माणसाशी भांडण्यापेक्षा हसून घ्यावं, आणि मी खरंच हसलो. परीक्षक मात्र हसले नाहीत. एव्हाना सगळा प्रकार त्यांच्या ध्यानात आला होता, फक्त स्वतः त्यांनी हळद विकत घ्यायची भाषा केली आहे हे सोडून. त्यांना मिरजेहून गाडी गाठायची होती. ते खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, कार्डं नाहीत तर नाहीत, प्रोग्राम सांगा.

मी सांगितला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, न अडखळता. आकडे कुठे वाचायचे, कुठे साठवायचे, पाण्याचा वेग कुठे काढायचा, कुठून मागे फिरायचं. शेळ्या चरत होत्या आणि व्यापारी ऐकत होते. त्यांना वाटलं असणार, हा मुनीम मालाची यादी म्हणून दाखवतोय. मी थांबलो तेव्हा परीक्षकांनी चष्मा काढला. पहिल्यांदाच त्यांचे डोळे दिसले.

“एवढा पाठ आहे, मग कार्डं पुन्हा का नाही केलीत?”

हा एकच प्रश्न. उत्तर मला ठाऊक होतं आणि ते माझ्या बाजूचं होतं. मी म्हणालो होतो, पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, सर नको म्हणाले. एवढं बोललो असतो की मुंबई माझी. जोडीदाराचं तोंड चावता चावता थांबलं. सर सासऱ्यांच्या शेजारी उभे होते. ऊन होतं म्हणून त्यांनी सासऱ्यांच्या डोक्यावर छत्री धरली होती. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझं तोंड कसं आहे हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे काय ऐकावं लागणार हे ते धरूनच चालले होते.

मी म्हटलं, “आम्हाला सुचलं नाही, सर.”

परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. न सुचणं ही इंजिनियरची मोठी उणीव आहे, असं ते जीपमध्ये बसताना इंग्रजीत म्हणाले. खरंच होतं ते. वाटेत त्यांनी हरिपूरच्या लोकांच्या अगत्याची मात्र फार तारीफ केली.

पुढे दोनच दिवसांत यार्डात कळलं की तो साहेब खरेदीदार नव्हता, मास्तर होता. भाव असा कोसळला की सासऱ्यांनी आणखी पडायच्या आत घाईघाईनं पेव फोडलं. तोंड उघडून आतला कोंदट वारा जाऊ दिला, कंदील सोडून बघितला, तो विझला नाही तेव्हा माणूस उतरला. डबा वर आला. त्या वेळेला मी गावी पोचलो होतो. माझा निकाल लागला. दुसरा वर्ग. जोडीदाराचे लेखी मार्क चांगले होते, त्याचा पहिला टिकला. मुंबईच्या कंपनीचं दोन ओळींचं पत्र आलं आणि ते वडिलांनी ट्रंकेत ठेवून दिलं. काय झालं असं त्यांनी एकदाच विचारलं. मी सांगितलं, एक गोष्ट सुचली नाही. गावातल्या लोकांना त्यांनी काय सांगितलं ते मला आजही माहीत नाही.

मग एका दुपारी सर आले. एस.टी.नं रहिमतपूर आणि तिथून पायी. अंगावर धूळ, काखेत कागदाचं जाड भेंडोळं. बसले नाहीत, पाणी घेतलं नाही, ओसरीवरच भेंडोळं सोडलं आणि ते अंगणापर्यंत गेलं. ओळीच्या ओळी आकडे. “चालला रे,” ते म्हणाले. “पहिल्या झटक्यात चालला. एक कार्ड अडकलं नाही.” कंप्यूटरच्या खोलीत त्यांना आत येऊ दिलं होतं. काच मधे नव्हती. यंत्राचा आवाज कसा येतो ते त्यांनी तोंडानं करून दाखवलं. पावसाचा कुठला आकडा घातल्यावर घाटाची कुठली पायरी बुडते ते बोट ठेवून दाखवलं. कागदाला हळदीचा वास येत होता आणि सरांच्या बोटांनाही. मी ओणवा होऊन वाचत राहिलो. माझ्याच ओळी होत्या. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाचाच राग आला.

वडील खांबाला टेकून बघत होते. म्हणाले, “म्हंजे पोराला नोकरी लागंल व्हय आता?”

सर म्हणाले, नाही. मग बराच वेळ ते कागद गुंडाळत राहिले. गुंडाळून झाल्यावर वडिलांसमोर उभं राहून म्हणाले, “त्याला सुचलं होतं. पहिल्याच दिवशी सुचलं होतं. मी नको म्हटलं. आणि सासऱ्यांच्या देखत मला ते कबूल करवलं नाही, म्हणून त्याचा वर्ग गेला.”

मला वाटलं वडील आता पलटणीतला आवाज काढतील. त्यांनी पायानं घोंगडी पुढे सरकवली.

“ठावं हाय मला,” ते म्हणाले. “आवं, ह्यो जल्मात कवा गप बसला न्हाई. त्या दिशी म्या इचारलं तर सुचलं न्हाई म्हणून गप बसला. तवाच म्या वळखलं, कुनाचं तरी झाकून आलाय. बसा. जेवल्याबिगर जायचं न्हाई.”

मी पाणी आणायला आत गेलो, कारण मला तिथं बसवेना.